वाढदिवस : आयुष्याचा आणि आवडीचा

वाढदिवसास आपल्या धर्मग्रंथांत 'वर्धापन' असें नांव आहे. वर्धापन म्हणजे वाढविणें. आणि वाढवावयाचें तें आयुष्य. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं इ. स. १७९० मध्यें रचिलेल्या 'धर्मसिंधु' ग्रंथांत हा विधि आला आहे. अश्वत्थामा, बलि, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम हे सात चिरंजीव आणि आठवा मार्कंडेय ह्यांची पूजा करावी. बालकांचें रक्षण करणाऱ्या षष्ठीस दहींभाताचा नैवेद्य दाखवावा. तीळ व गूळ घातलेलें दूध प्यावें. त्या दिवशीं नखें व केस कापूं नयेत, कलह करूं नये, हिंसा करूं नये. ह्या देवतामंडळांत मार्कंडेयाची योजना विशेष सूचक आहे. सोळाच वर्षांचें आयुष्य घेऊन आलेला आणि यमाच्या पाशांतून सुटलेला तो बालक होय. ज्या मुलासाठीं हें सारें करावयाचें, त्याला काय आवडतें ह्या प्रश्नाला मात्र विधींत स्थान नाहीं.

आपल्या पूर्वजांचें मन रुक्ष होतें, म्हणून असें झालें काय? तसें मुळींच नव्हे. मूल जगेल कीं नाहीं ही चिंताच एवढी मोठी होती कीं, तिच्यापुढें दुसरा विचार टिकत नसे. धोंडू, दगडू, केरू, भिकू हीं नांवें आठवावीं. आधींचीं मुलें गेलीं म्हणजे पुढच्या मुलास मुद्दाम हलकें नांव ठेवीत. हेतु हा कीं, काळाची दृष्टि त्यावर पडूं नये. ही भीति अवास्तव नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतहि हिंदुस्थानांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं दोनशेंच्या आसपास वर्षाच्या आंत दगावत. म्हणजे पांचांतील एका मुलाचा पहिला वाढदिवस उजाडतच नसे. अशा काळीं वाढदिवस हा उत्सवापेक्षां काळाच्या हातून मिळविलेल्या एका वर्षाची पावतीच अधिक होता.

राजवाड्यांची स्थितीहि निराळी नव्हती. अकबराच्या दरबारांत वाढदिवशीं तुला करण्याची चाल होती. राजपुत्र दोन वर्षांचा झाला म्हणजे त्याची एका पदार्थाबरोबर तुला होई, आणि पुढें प्रतिवर्षी एकेक पदार्थ वाढत जाई, असें अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'त लिहिलें आहे. तुलेचें द्रव्य दानधर्मांत जाई. येथेंहि मोजलें जाई तें मुलाचें वाढतें वय व वाढतें वजन.

मुलांच्या आवडी मात्र तेव्हांहि आजच्याइतक्याच उत्कट होत्या. मोहेंजोदडो येथें मातीच्या चिमुकल्या गाड्या, मान हलविणारा बैल आणि पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या सांपडल्या आहेत. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं रंगविलेलीं लांकडी खेळणीं आणि भातुकली कित्येक पिढ्यांच्या हातांत खेळलीं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चें तर नांवच एका खेळण्यावरून पडलें आहे. देवलांमुळें मराठी रसिकांस परिचित झालेल्या ह्या नाटकांत चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीच्या गाडीसाठीं रडत नाहीं. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्यानें पाहिली आहे, आणि त्याला तीच हवी आहे. वसंतसेना अंगावरचे अलंकार उतरवून त्याच्या गाडींत भरते. पुढें न्यायालयांत तेच अलंकार चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात, आणि मुलाच्या हट्टाची वस्तु पित्याला वधस्तंभाकडे घेऊन जाते.

आवड आणि वाढदिवस ह्यांची गांठ बरीच उशिरां पडली. अठराव्या शतकांत जर्मनींत मुलांच्या वाढदिवशीं केकवर, जितकीं वर्षें पुरीं झालीं तितक्या मेणबत्त्या लावून, पुढील आयुष्यासाठीं आणखी एक लावण्याची रीत होती. आमच्याकडे निरांजनानें ओवाळावयाचें आणि तिकडे ज्योत फुंकावयाची, ह्या विरोधावर आपल्या घरांतून पुष्कळ वाद झाले. परंतु ती जास्तीची मेणबत्ती पाहिली म्हणजे दोन्ही ठिकाणीं मागणें एकच होतें हें ध्यानांत येतें.

तें मागणें पुरें झालें तें निराळ्याच मार्गानें. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरील फोडांतूनच ती पुढें इतरांस मिळाली. त्या चिमुरडीचे हे उपकार किती वाढदिवसांच्या मुळाशीं असतील, ह्याची गणती कोण करणार? १९७७ मध्यें भारत देवीमुक्त म्हणून घोषित झाला. २०२० सालीं हजार जन्मांमागें वर्षाच्या आंत दगावणाऱ्या मुलांची संख्या अठ्ठावीसपर्यंत उतरली होती. तीहि थोडी नव्हे. पण शंभर वर्षांपूर्वींचे दोनशें आणि हे अठ्ठावीस ह्यांमध्यें जें अंतर आहे, त्यांतच आजच्या वाढदिवसाचा आनंद सामावला आहे.

म्हणून कुणी चार वर्षांची मुलगी वाढदिवसास बाहुली मागते, कुणी मुलगा आगगाडी मागतो, आणि वडील मंडळी त्याच्याच आवडीचा बेत करितात, तेव्हां त्याला उगाच चैन म्हणून नाक मुरडूं नये. जगण्याची धास्ती ओसरली, तेव्हांच मुलाला काय आवडतें हें विचारण्याची सवड घरास मिळाली. रोहसेनाची गोष्ट मात्र विसरतां कामा नये. शेजारच्या घरची सोन्याची गाडी पाहून जो वाढदिवस साजरा होतो, तो मुलाचा नसून आईबापांचा असतो. मातीची गाडी त्याला पुरेशी होती. तिला कमीपणा आला तो तुलनेनें. मुलाला खरोखर काय आवडतें हें ओळखावयाचें, तर आधीं त्याच्याजवळ बसावें लागतें. आणि ज्या घरांत एवढें होतें, तेथें दुधांतल्या तीळगुळाची जागा केकनें घेतली म्हणून कांहीं बिघडत नाहीं.