सात मैलच तर आहेत!

मॅरेथॉन जीवघेणी आणि छोटी शर्यत म्हणजे किरकोळ, असं आमच्या घरातल्या पळणाऱ्या मंडळींना वाटतं. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर फालमथ नावाचं गाव आहे. तिथली सुमारे सात मैलांची शर्यत १९७३ साली सुरू झाली. भर ऑगस्टमधली, दमट हवेतली. १९७८ साली वीस वर्षांचा अल्बर्टो सालाझार तिथे नामांकित बिल रॉजर्सशी टक्कर द्यायला उतरला. मागे पडला तरी थांबेना. दहावा आला आणि कोसळला. अंगात ताप १०८ अंश फॅरनहाइट! त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलं. मरणाऱ्यासाठीची अखेरची प्रार्थनाही म्हणून झाली. पण गडी वाचला आणि १९८० साली न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकला.

माठातलं पाणी पावसाळ्यात फारसं गार होत नाही ना? तसंच हे. दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. त्यात अंतर कमी म्हणून वेग जास्त, आणि वेग जास्त म्हणून उष्णताही जास्त.

पुढे फालमथच्या १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. थंड पाण्यात बुडवून उपचार केलेले उष्माघाताचे २७४ रुग्ण, आणि सगळेच्या सगळे वाचलेले! धडा सरळ आहे. मुंबईच्या घामट हवेत पळताना सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर डॉक्टरांना बोलवाच. पण गाडीची वाट बघत बसू नका. आधी गार पाणी, मग दवाखाना.