शेकरांची कपाटं

दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत मी गच्चीवरच्या खोलीत पाइनचं एक लहानसं कपाट केलं. दाराला चार पट्ट्यांची चौकट, मध्ये सपाट फळी. नक्षी नाही, कंगोरा नाही. फळी हलू नये म्हणून चारी बाजूंनी सरस लावून ती पक्की बसवली. मार्चमधल्या एका दुपारी टक्कन आवाज झाला आणि फळी वरपासून खालपर्यंत तडकली. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड कोरड्या हवेत आडवं आकसतं. त्या आकसण्याला मी जागाच ठेवली नव्हती.

अशा दाराला मॉड्युलर किचनवाले ‘शेकर डोअर’ म्हणतात. शेकर ही कंपनी नव्हे. तो एक ख्रिस्ती पंथ. प्रार्थनेत ही मंडळी अंग थरथरवत नाचत, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं. मँचेस्टरच्या गिरणीत काम केलेली अ‍ॅन ली १७७४ साली आठ अनुयायांसह अमेरिकेत आली. तिची चारही मुलं लहानपणीच दगावली होती. तिच्या पंथात लग्न नाही, मूलबाळ नाही, खासगी मालमत्ता नाही. स्त्री-पुरुष बरोबरीचे, निजायच्या खोल्या मात्र वेगळ्या.

आता एका छपराखाली शंभरेक माणसं राहायची, तर त्यांचे कपडे, अंथरुणं ठेवायची कुठे? मॅसॅच्युसेट्समधल्या हँकॉक इथे १८३० साली बांधलेल्या विटांच्या निवासात त्यांनी कपाटं भिंतीतच बसवली. कपाटांची दारं २४५ आणि ड्रॉवर ३६९! विल्यम डेमिंग या शेकर कारभाऱ्याने हा हिशेब एका पत्रात लिहून ठेवला आहे. त्यातलं कारण आपल्या घरातल्या बायकांना लगेच पटेल: जागा कमी लागते आणि खालून झाडावं लागत नाही. भिंतीवर खुंट्यांची लांब पट्टी असे. झाडताना खुर्च्यासुद्धा तिच्यावर टांगायच्या.

पांढरा पाइन तिथल्या जंगलात मुबलक. वजनाला हलका, रंध्याखाली सहज सुटणारा, रुंद फळ्या देणारा. पण हवेबरोबर फुगणारा-आकसणारा. म्हणून सरस लावायचा तो फक्त चौकटीच्या कोपऱ्यांतल्या सांध्यांना. मधली फळी खाचेत नुसती सरकवून मोकळी ठेवायची. ही युक्ती शेकरांची नव्हे. युरोपातल्या सुतारांना ती कित्येक शतकं ठाऊक होती. शेकरांनी तिच्यावरची सजावट तेवढी उतरवली. केवळ शोभेसाठी कंगोरे करू नयेत, असं १८४५ च्या त्यांच्या नियमावलीत आहे. (गोल करवत १८१३ मध्ये टॅबिथा बॅबिट या शेकर बाईने शोधली असंही सांगतात. पण तिचं पेटंट इंग्लंडमध्ये १७७७ सालीच घेतलं गेलं होतं. आवडत्या माणसांच्या नावावर असं काहीबाही जमा होत जातं.)

शेकर म्हणजे उघडं, मधाच्या रंगाचं पाइन, हा समज मात्र चुकीचा. त्यांची पाइनची कपाटं बहुधा रंगवलेली असत, लाल, पिवळी, कधी निळी. पुढे हाती आलेल्या कित्येक वस्तूंचा रंग विक्रेत्यांनी आणि संग्राहकांनी खरवडून काढला.

संतती नसलेला पंथ नव्या माणसांवर आणि सांभाळलेल्या अनाथ मुलांवर चालायचा. मुलं मोठी झाली की बरीचशी निघून जात. एके काळी काही हजार असलेले शेकर ओसरत गेले. १९२३ मध्ये एडवर्ड आणि फेथ अँड्र्यूज हे दांपत्य पाव घ्यायला म्हणून हँकॉकला थांबलं, आणि तिथलं सामान पाहून थक्क झालं. त्यांनी ते विकत घ्यायला सुरुवात केली. १९३७ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. ‘माझं’ हा शब्दच टाकून दिलेल्या लोकांच्या वस्तू अशा संग्राहकांच्या मालकीच्या झाल्या. हँकॉकची वसाहत १९६० मध्ये बंद पडली. आज तिथे संग्रहालय आहे. मेन राज्यातल्या सॅबथडे लेक इथे मात्र बोटांवर मोजण्याइतके शेकर अजून राहतात.

माझ्या कपाटाची फळी मी बदलली. या खेपेला ती खाचेत मोकळी ठेवली, आणि एक पावसाळा नि एक उन्हाळा निभावला. आता तांबडा रंग लावायचा म्हणतोय, पण घरातून विरोध आहे. इतकं छान लाकूड दिसू दे की, म्हणतात.