पहिली ओळ कुणाच्या अंगावर?

शृंगाराचं लिखाण पहिल्या ओळीवर विकलं जातं. बाकीच्या साहित्याला वाचक पाच-दहा पानं उधार देतो. इथं उधारी नाही. पहिल्या ओळीला माणूस थांबला तर थांबला, नाहीतर गेला पुढं. लावणी रचणाऱ्या शाहिराला हे पक्कं ठाऊक होतं आणि एस.टी. स्टँडवर पिवळी पुस्तकं मांडून बसणाऱ्यालाही. आता आपल्यातली लिहिणारी पोरंही हे हत्यार उचलायला लागलीत. उचला, माझी ना नाही. पण आजवर ते कुणाच्या हातात होतं आणि चाललं कुणाच्या अंगावर, हे तपासल्याशिवाय उचलू नका. प्रस्थापितांच्या वाङ्मयेतिहासात ते सापडायचं नाही. तिथं नुसती रसनिष्पत्ती.

सुरुवात लांबून करतो. हालाची गाथासप्तशती. सातवाहनांचा काळ, भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्याच मातीतली. गाव, शेत, नदीकाठ, वाटसरू, नांगरट करणाऱ्याची बायको, शिकाऱ्याची बायको अशी माणसं त्यात. गाथा दोन ओळींची. पाल्हाळाला जागाच नाही. म्हणून कितीतरी गाथांत सुरुवातीलाच कुणाला तरी हाक आहे: मामीला, सखीला, सासूला, वाटसरूला. हाक मारली की ऐकणारा मान वळवतो. एवढी साधी युक्ती, पण जवळपास दोन हजार वर्षं टिकली. गाथेत निदान बाई बाईशी बोलते. मामीला सांगते, सखीला सांगते, आणि आपण चोरून ऐकतो.

पेशवाईच्या अखेरच्या लावणीत ही हाक फिरली. आता हाक पुरुषाला. सजणा, राया, पाटील, दिलबर. बाई आता सखीशी बोलत नाही, समोर लोडाला टेकून बसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलते. लावणीचं ध्रुपद नीट बघा. त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र येतात: एक हाक, एक आर्जव किंवा लाडिक दटावणी, आणि एक कापड नाहीतर अवयव. चोळी, पदर, शालू, काहीही चालतं. या तिघांची मोट एका ओळीत बांधली की बैठक पकडली. पुढची कडवी ऐकली नाहीत तरी चालतं, कारण ध्रुपद फिरून फिरून येतंच. त्यात दौलतजादा. ज्यानं पैसा काढला त्याच्यासाठी ओळ पुन्हा म्हणायची, त्याच्याकडं बघून, अदा करून. पहिली ओळ किती धरते याचं मोजमाप इथं समीक्षक करत नव्हता, ते रोख रकमेत होत होतं.

आता लिहिणारे कोण? रामजोशी सोलापूरचा ब्राह्मण. होनाजी गवळी. परशराम शिंपी. सगनभाऊ मुसलमान. जाती बघितल्या तर सगळं गाव जमा झालंय. पण या नामावळीत बाई नाही. ओळीत ‘मी’ म्हणणारी बाई, आणि तो ‘मी’ लिहिणारा बाप्या. फडावर तो ‘मी’ अंगावर घेऊन उभी राहणारी कोण? कोल्हाटीण, महारीण, मांगीण. म्हणजे मागणी तिच्या तोंडी घातली आणि मग म्हटलं, बघा, तीच मागतेय! या पोरी तसल्याच, हे गावाला पटवून द्यायला आणखी वेगळा पुरावा कशाला हवा? दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात लावणीला आश्रय होता आणि त्याच पेशवाईत कुणबिणी, बटकी विकत घेतल्या जात होत्या. सरकारी खात्यांतही त्या राबत होत्या. लावणीची गोडी सांगणारे हे दुसरं वाक्य गिळून टाकतात. शर्मिला रेग्यांनी लावणीच्या अभ्यासात हे उकरून काढलं, की खालच्या जातीच्या बाईचं शरीर भोगासाठीच आहे असं ठरवायच्या कामात ही रचना सामील होती. रेगे २०१३ साली गेल्या. आपल्या पोरांनी त्यांचं लिखाण वाचलं पाहिजे, कठीण वाटलं तरी वाचलं पाहिजे.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचीच गोष्ट घ्या. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. पवळा महाराची. त्यांच्या लावण्यांनी महाराष्ट्र वेडा केला. पण लोक ही गोष्ट सांगतात कशी? बापूरावानं जात सोडली, वतन सोडलं, केवढा त्याग! आणि पवळा? पवळा दिसायला सुंदर होती. बस्स. तिचा गळा, तिची समज, तिच्याविना ती ओळ उभीच राहिली नसती, हे सगळं ‘सुंदर’ या एका शब्दात पुरून टाकलं. चळवळीत एक हकीकत सांगतात. बापूराव तमाशाच्या उत्पन्नातून देणगी घेऊन बाबासाहेबांकडं गेले आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. कारण ते पैसे आपल्या बायका नाचवून मिळालेले. हकीकत आपल्यात इतकी का टिकली, याचा विचार करा. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांसमोर भाषण केलं आणि तो धंदा सोडा म्हणून बजावलं. ते वाचलं की या हकीकतीची धार कळते.

आपल्या जलशेवाल्यांनी मग काय केलं? त्यांना फड जमवायचा होताच. माणूस थांबला पाहिजे हा त्यांचाही प्रश्न. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला: गण, गौळण, बतावणी, वग. पण गणातला गणपती काढला, तिथं बाबासाहेब आले. गौळणीतली राधेची छेडछाड काढली. नाचणारी बाई काढली. ढोलकी तेवढी ठेवली. मला हा फार मोठा वाङ्मयीन निर्णय वाटतो. कुणी त्याला तसं म्हणत नाही, कारण तो महारवाड्यातल्या लोकांनी घेतला.

(एक मात्र खटकतं आणि ते बोललं पाहिजे. बाई फडावरून उतरवली, पण तिला शाहीर म्हणून परत वर घ्यायला आपल्यालाही बराच वेळ लागला. स्त्री-भूमिका पुरुषच करत राहिले.)

आमच्या रत्नागिरीकडं फडाची बाई नव्हतीच म्हणा. इकडं नमन-खेळे आणि जाखडी. नमनातल्या गौळणी म्हणजे मिशा काढलेले बाप्ये. पण मावशी येते, तिचं पहिलंच वाक्य दोन अर्थांचं असतं आणि मांडव हसतो. साचा तोच, फक्त अंग उसनं.

रत्नागिरी म्हटलं की मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात. शेजारच्या दापोली तालुक्यात समुद्राकाठी मुरूड. तिथं १८८२ साली रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले, अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव. एक महारांच्या घरचे, एक चित्पावनांच्या. दोघांची गाठ पडली ती मुंबईच्या कोर्टात, आणि तीही अश्लीलतेच्या खटल्यात.

कर्वे गणिताचे प्रोफेसर. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. आत उघडलं की रोग, गर्भनिरोध, नीती, धर्म यांवर रोखठोक, कोरडं लिखाण. चित्र बघून घेणाऱ्याची फसगतच व्हायची! मुखपृष्ठाबद्दल माझं कर्व्यांशी जमत नाही. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे त्यांचं म्हणणं मान्य, पण मग ती दरवेळी बाईचीच का?

पण आतल्या पानांवर त्यांनी एक गोष्ट अशी केली की शृंगारिक लिखाणाच्या सगळ्या परंपरेला उलटं टांगलं. त्यांनी वाचकांचे प्रश्न छापले. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, कुणाला न विचारता येणारे प्रश्न, आणि त्यांना सरळ उत्तरं. लक्षात घ्या, इथं पहिली ओळ संपादकाची नाही, शाहिराची नाही. ती वाचकाची आहे. आणि तिच्यात तिसऱ्या कुणाच्या चोळीला हात नाही. माणूस स्वतःच्या अंगाबद्दल, स्वतःच्या भीतीबद्दल विचारतो. असल्या ओळीनं दुसरा वाचक थांबतो, कारण त्याचाही प्रश्न तोच असतो.

सनातन्यांना हेच झोंबलं. १९३१ साली व्यभिचारावरच्या लेखासाठी कर्व्यांना १०० रुपये दंड झाला होता. १९३४ साली या प्रश्नोत्तरांवरून पुन्हा खटला, आणि या वेळी वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. काळ बघा. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, नाशिकचा काळाराम सत्याग्रह चालू होता. अंगावर एवढं काम असताना त्यांनी एका बामणाच्या बदनाम मासिकाची बाजू घेतली. मुद्द्यांचा मथितार्थ असा: विषय लैंगिक आहे एवढ्यानं लिखाण अश्लील होत नाही. लोकांना प्रश्न पडतात, तर उत्तर दिलंच पाहिजे. कुणाला ती विकृती वाटत असेल तर ती ज्ञानानंच जाईल, दडपून जाणार नाही. खटला हरला. दंड २०० रुपये.

शृंगार म्हटलं की नाक मुरडणारे काही कार्यकर्ते आपल्यात आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतोय. जो माणूस नाचवलेल्या बाईचे पैसे घेत नाही असं आपण अभिमानानं सांगतो, तोच माणूस विचारणाऱ्या वाचकासाठी कोर्टात उभा राहतो. यात विसंगती वाटत असेल तर वरचं सगळं पुन्हा वाचा.

पुढचा इतिहास भराभर उरकतो. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर खटला झाला, १९६९ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. अशा सगळ्या खटल्यांत निकष १८६८ सालचा, इंग्लंडातल्या हिक्लिन खटल्याचा: वाचणाऱ्याचं मन बिघडेल का? २०१४ साली सुप्रीम कोर्टानं तो बाजूला ठेवला. म्हणजे शंभरावर वर्षं काळजी वाचकाच्या मनाची. पानावर जिचं अंग मांडलंय तिचं काय, हा प्रश्न कायद्यात यायला १९८६ साल उजाडलं. आणि ही पिवळी पुस्तकं तर कोर्टाच्या वाटेला फारशी गेलीच नाहीत. त्यांची सुरुवात ठरलेली. नवरा गावाला गेलेला, घरात वहिनी, नाहीतर मोलकरीण वाकून फरशी पुसतेय. मोलकरणीची जात सांगत नाहीत. आपल्याला सांगावी लागत नाही.

दंडाचे आकडे आलेच आहेत, तर आणखी दोन. १९७२ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’त राजा ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आला. त्यांनी दोन रकमा शेजारी ठेवल्या. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये, दलित बाईच्या साडीला हात घातला तर ५० रुपये. कर्व्यांच्या उत्तरांना १९३४ साली २०० पडले होते. रुपया मधल्या काळात किती घसरला ते वेगळंच.

आता आपल्याकडं येऊ. आमच्याकडं कथा येतात, त्यातल्या बऱ्याच अत्याचाराच्या. विषय खरा, राग खरा. पण पहिली ओळ? फाटलेला ब्लाऊज. उघडी मांडी. पाटलाची नजर ज्या वाटेनं फिरते त्याच वाटेनं वाचकाला फिरवायचं, आणि तीन पानांनी पाटलाला शिव्या द्यायच्या. लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, दादा, वाचक थांबला पाहिजे ना. आणि मग, ढसाळांनी लिहिलेलं चालतं, आमचं का नाही? अरे, ‘गोलपिठा’ पुन्हा काढून वाच. तिथं वाचकाला गिऱ्हाइकाची खुर्ची दिलेलीच नाही. शब्द नागडे आहेत, पण ते चाळवत नाहीत, ते वाचकाच्या कॉलरला धरतात. तुझ्या गोष्टीत मात्र खुर्ची मांडलेली आहे आणि तिच्यावर पाटलाच्या शेजारी वाचक बसलाय. तिचं नाव तरी कितव्या ओळीत येतं, मोजून बघ.

बायकांनी स्वतः लिहायला घेतलं तेव्हा काय झालं, हे आमच्याच जिल्ह्यात बघायला मिळतं. उर्मिला पवार फणसवळ्याच्या. आई बांबूची आयदानं विणून विकायची. ‘आयदान’ २००३ साली आलं. त्यात लग्नाची पहिली रात्र आहे, नवरा-बायकोतला शरीरसंबंध आहे, काही लपवलेलं नाही. एखाद्या धंदेवाईक प्रकाशकानं तेच पान उचलून पुढं लावलं असतं. त्यांनी सुरुवात केली ती गावातल्या बायकांपासून. डोक्यावर जड ओझी घेऊन, डोंगराची चढ-उतार करत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका. वाचक थांबतो तो तिथं. शरीर पहिल्या ओळीपासून आहेच, पण ते चालतंय, धापा टाकतंय, ओझ्याखाली आहे. पहिल्या रात्रीचं पान येतं ते पुष्कळ पुढं. तोवर वाचक त्या बायकांबरोबर डोंगर उतरून बाजारात पोचलेला असतो, आणि आयदानाला काय भाव मिळतो ते त्यानं ऐकलेलं असतं.