विमान कारखाना कोणाचा?

बंगळूरच्या विमान कारखान्याचं नाव निघालं की शेठ वालचंद हिराचंद यांची देशभक्ती सांगितली जाते. ती खोटी नाही. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीने हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, १९४१ मध्ये तिचं पहिलं हार्लो विमान उडालं.

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे शेअर विकत घेतले. त्याच वर्षी बाबासाहेब मजूरमंत्री झाले आणि १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. पुढे सार्वजनिक उद्योगांनाही आरक्षण लागू झालं. कारखाना शेठजींचाच राहिला असता, तर ओझरला मिग जोडणाऱ्यांत आमच्या वस्तीतली आयटीआय झालेली पोरं दिसली असती का? 'राज्य आणि अल्पसंख्याक'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले होते, ते आम्ही यासोबतच वाचतो.

आता राफेल बघा. आधीच्या बोलणीत १२६ पैकी १०८ विमानं एचएएल बनवणार होती. २०१६ च्या करारात ३६ तयार विमानं ठरली, आणि दासोने खासगी भागीदारासोबत कारखाना काढला तो नागपूरच्या मिहानमध्ये. आमच्या दीक्षाभूमीच्या शहरात! तिथल्या भरतीला आरक्षण लागू नाही.

जय भीम.