व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडूनिवड : देहसामर्थ्य, उपजत जाण आणि समर्पणवृत्ती यांच्या मूल्यमापनाचा इतिहास

प्रस्तावना :

अमेरिकन फुटबॉल हा भारतात फुटबॉल या नावाने परिचित असलेल्या खेळाहून सर्वस्वी भिन्न खेळ आहे. त्यात अकरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडू हातात घेऊन अथवा फेकून भूमी जिंकत पुढे सरकतात. प्रत्येक चाल काही सेकंदांची असते आणि प्रत्येक चालीत देहावर देह आदळतो. त्यामुळे या खेळात वेग, वजन व ताकद यांना स्वाभाविकच महत्त्व प्राप्त झाले. तथापि समान देहसामर्थ्याच्या दोन खेळाडूंपैकी एक प्रतिपक्षाची चाल आधीच ओळखतो आणि दुसरा ती घडून गेल्यावर धावतो, एक दुखापतीतही उभा राहतो आणि दुसरा मागे पडतो, हा अनुभवही तितकाच जुना आहे. या फरकाला अमेरिकेतील प्रशिक्षकांनी उपजत जाण व समर्पणवृत्ती अशी नावे दिली. मोजता येणारे देहसामर्थ्य आणि मोजता न येणारे हे दोन गुण यांच्यातील तोल कसा साधावा, हा प्रश्न या खेळाच्या व्यावसायिक इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) खेळाडूंच्या निवडपद्धतीच्या विकासाचा मागोवा घेणे.
२) देहसामर्थ्य, जाण व समर्पणवृत्ती यांच्या मूल्यमापनातील यशापयशाची चिकित्सा करणे.
३) या मूल्यमापनाचे सामाजिक व मानवी परिणाम स्पष्ट करणे.

निवडपद्धतीचा उदय :

महाविद्यालयीन खेळाडूंची व्यावसायिक संघांमध्ये वाटणी करण्याची 'ड्राफ्ट' ही पद्धत फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून स्वीकारण्यात आली. आदल्या हंगामात सर्वांत दुर्बल ठरलेल्या संघाला प्रथम निवडीचा मान, हे तिचे सूत्र होते. पहिली निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाली. फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिलेली होती आणि संघांजवळ त्या खेळाडूंविषयीची माहिती मुख्यतः वृत्तपत्रे व ऐकीव कीर्ती यांपुरतीच मर्यादित होती. प्रथम क्रमांकाने निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वेंगर हा व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. निवड करणारे ज्याला सर्वश्रेष्ठ मानत होते, त्याच्या मनात हा व्यवसाय करावयाचा आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती. समर्पणवृत्तीचा प्रश्न अशा रीतीने पहिल्याच नावापाशी उभा राहिला.

घड्याळ, चित्रफीत आणि संगणक :

निवडीला शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना दिले जाते. १९४६ पासून या संघाची धुरा वाहताना त्यांनी खेळाडूंना वर्गात बसवून टिपणे काढावयास लावली, सामन्यांच्या चित्रफितींवरून प्रत्येकाच्या कामगिरीचे गुणांकन केले, बुद्धिमापन चाचण्या घेतल्या आणि ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, धावण्याचा वेळ मोजण्याची प्रथा रूढ केली. देह आणि बुद्धी या दोहोंचे मापन एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली सुरू झाले, ही बाब लक्षणीय आहे. पुढे यांपैकी घड्याळ सर्वत्र पसरले, कारण त्याचा आकडा वादातीत वाटत होता.

१९६० च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी निवडीसाठी संगणकाचे साहाय्य घेतले. हे काम सलाम कुरेशी या भारतात जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले. त्यांना अमेरिकन फुटबॉलचा परिचय नव्हता आणि ही उणीवच त्यांच्या कामी आली. खेळाडू हेरणारे निरीक्षक जे शब्द सैलपणे वापरत असत, त्यांचा नेमका अर्थ कोणता, हे कुरेशी यांना विचारावेच लागले. अखेरीस पाच गुणगट निश्चित झाले : चारित्र्य, चपळता व देहनियंत्रण, स्पर्धावृत्ती, बौद्धिक सतर्कता आणि ताकद. या पाचांपैकी तीन गुण देहाचे नव्हेत. म्हणजेच संगणक आला तो देहमापनाचा आग्रह धरून नव्हे, तर निरीक्षकांची मते एका समान भाषेत आणण्यासाठी आला. मात्र चारित्र्यासमोर अंक लिहिला, तरी तो अंक अखेर कोणाच्या तरी नजरेतूनच उतरत होता.

पिट्सबर्ग स्टीलर्स आणि १९७४ ची निवड :

नजर व माप यांचा समन्वय कसा असू शकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणून पिट्सबर्ग स्टीलर्सच्या १९७४ मधील निवडीकडे पाहता येते. त्या एका वर्षी या संघाने लिन स्वॉन, जॅक लँबर्ट, जॉन स्टॉलवर्थ व माइक वेब्स्टर या चार खेळाडूंची निवड केली आणि चौघांनाही पुढे या खेळाच्या 'हॉल ऑफ फेम' या सन्माननीय दालनात स्थान मिळाले. त्याच वर्षी निवडीबाहेर राहिलेला डॉनी शेल हा खेळाडूही संघाने करारबद्ध केला. त्याला हा सन्मान २०२० मध्ये लाभला. या खेळाडूंच्या बळावर स्टीलर्सने सहा हंगामांत चार वेळा सर्वोच्च विजेतेपद पटकावले.

यांपैकी लँबर्ट हा बचावफळीत प्रतिपक्षाची चाल ओळखून तिला रोखणारा, म्हणजे लाइनबॅकर. तो उंच होता, परंतु त्या जागेच्या मानाने कृश होता. केंट स्टेट विद्यापीठातील एका सरावप्रसंगी खडीच्या जागेवर अंग झोकून दिल्यानंतर तो कातडीत रुतलेले खडे उपटत पुन्हा जागेवर गेला, ही निरीक्षकांनी पाहिलेली घटना त्याच्या निवडीच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. येथे समर्पणवृत्तीने वजनाच्या काट्यावर मात केली.

स्टॉलवर्थची हकीकत याहून वेगळी आहे. अलाबामा राज्यातील कृष्णवर्णीयांच्या एका महाविद्यालयात ओल्या मैदानावर त्याच्या धावण्याचा वेळ घेतला गेला आणि तो मंद भरला. इतर निरीक्षक निघून गेले. स्टीलर्सचे बिल नन मात्र आजाराचे निमित्त करून मागे थांबले आणि त्यांनी कोरड्या जागी पुन्हा वेळ घेतला, तेव्हा तो समाधानकारक भरला. नन हे मूळचे 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे पत्रकार होते आणि ज्या महाविद्यालयांकडे अन्य संघांचे दुर्लक्ष होते तेथील प्रशिक्षकांशी त्यांचा दीर्घ परिचय होता. स्टॉलवर्थच्या बाबतीत दोष घड्याळाचा नव्हता. तो एकदाच मोजून निष्कर्ष काढणाऱ्यांचा होता.

जाण आणि वर्णभेद :

राष्ट्रीय लीगमध्ये १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांच्या प्रवेशाने ही बंदी मोडली. परंतु प्रवेश मिळाला तरी जागांची विभागणी कायम राहिली. १९७० मध्ये जॉन लॉय व जोसेफ मॅकएल्वोग या अभ्यासकांनी असे दाखवून दिले, की ज्या जागांवर निर्णय व समन्वय अपेक्षित असतो अशा मध्यवर्ती जागांवर श्वेतवर्णीयांचे प्राबल्य होते आणि कृष्णवर्णीय खेळाडू परिघावरील जागांवर एकवटले होते. वेग व उडी हा कृष्णवर्णीयांचा निसर्गदत्त गुण आणि विचार व नेतृत्व हा श्वेतवर्णीयांचा, अशी ही अलिखित वाटणी होती. देहसामर्थ्याची स्तुतीसुद्धा अवमूल्यनाचे साधन होऊ शकते, हे यातून स्पष्ट होते.

वॉरन मून याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या क्वार्टरबॅक या जागेवर वॉशिंग्टन विद्यापीठातर्फे त्याने १९७८ चा प्रतिष्ठेचा रोझ बोल सामना गाजविला. तरीही त्या वर्षी एकाही संघाने त्याची निवड केली नाही. जागा बदलण्यास नकार देऊन तो कॅनडात गेला, तेथे एडमंटन संघाच्या सलग पाच विजेतेपदांचा मानकरी ठरला आणि १९८४ मध्ये ह्यूस्टन संघातर्फे अमेरिकेत परतला. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झालेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होय. मूनच्या अंगी जाण नव्हती असे नाही. ती ओळखण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्या दृष्टीला ती त्या देहात दिसत नव्हती.

चाचणी शिबिरांचा काळ :

सर्व खेळाडूंची एकत्र तपासणी करणारे राष्ट्रीय शिबिर १९८२ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे सुरू झाले आणि १९८७ पासून ते इंडियानापोलिस येथे भरू लागले. धाव, उभी व लांब उडी, दिशाबदल, १०२ किलो वजन छातीवरून उचलण्याची आवर्तने यांसोबत बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक ही बुद्धिचाचणीही घेतली जात असे. ती २०२२ मध्ये बंद करण्यात आली.

शिबिरातील आकडे दिसू लागताच खेळाडू त्या आकड्यांची तयारी करू लागले. माइक मामुला याने १९९५ मध्ये नेमक्या चाचण्यांचा सराव करून शिबिरात लक्ष वेधले. त्याला मिळविण्यासाठी फिलाडेल्फियाने टँपा बे संघाशी अदलाबदल करून सातवा क्रमांक घेतला. मामुलाची कारकीर्द पाच हंगामांची, सामान्य ठरली. अदलाबदलीत मिळालेल्या बाराव्या क्रमांकावर टँपा बेने निवडलेला वॉरन सॅप मात्र २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. याउलट २००० मध्ये टॉम ब्रेडी याने ४० यार्डांसाठी ५.२८ सेकंद घेतले आणि त्याची निवड १९९ व्या क्रमांकावर झाली. २०२३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर सात सर्वोच्च विजेतेपदे जमा झाली होती. कुझमिट्स व अॅडम्स यांच्या २००८ मधील अभ्यासातही धावपटूच्या जागेवरील खेळाडूंचा वेग वगळता शिबिरातील चाचण्या आणि पुढील कामगिरी यांच्यात सातत्यपूर्ण संबंध आढळला नाही.

मग उपजत म्हटली जाणारी जाण म्हणजे नेमके काय? १९९६ मध्ये १५४ व्या क्रमांकावर निवडला गेलेला झॅक थॉमस हा बुटका लाइनबॅकर जाणेसाठी प्रसिद्ध होता आणि प्रतिपक्षाच्या चित्रफितींच्या अथक अभ्यासासाठीही. बुद्धिबळपटूंवरील विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांचे १९७३ चे संशोधन येथे मार्गदर्शक ठरते. निष्णात खेळाडू प्रत्यक्ष डावातील मांडणी क्षणात स्मरणात ठेवतात, परंतु सोंगट्या वाटेल तशा मांडल्या असता त्यांचे हे श्रेष्ठत्व जवळजवळ लोपते. म्हणजे त्यांची स्मृती जन्मतः असाधारण नसते, ती परिचित आकृतिबंधांनी समृद्ध झालेली असते. लाइनबॅकरची जाणही बव्हंशी अशीच, संचित अभ्यासाचे वेगवान रूप असावी. या अर्थाने जाण व समर्पणवृत्ती हे दोन स्वतंत्र गुण नसून दुसऱ्यातून पहिला घडतो.

समर्पणवृत्तीची किंमत :

१९७४ च्या चौघांपैकी माइक वेब्स्टर हा चेंडू मागे देऊन आक्रमणाला प्रारंभ करणारा, म्हणजे सेंटर. त्या जागेच्या मानाने लहानखुरा असलेला हा खेळाडू पाचव्या फेरीत निवडला गेला आणि तो १७ हंगामांत २४५ सामने खेळला. समर्पणवृत्तीचे याहून मोठे उदाहरण स्टीलर्सच्या इतिहासात क्वचितच सापडेल. निवृत्तीनंतर मात्र त्याची स्मृती व विवेक ढासळत गेले. सप्टेंबर २००२ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचे निधन झाले. नायजेरियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या आघातांशी निगडित ऱ्हासाची लक्षणे आढळली आणि त्यांनी ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. निवडीच्या कागदावर जो गुण भूषण म्हणून नोंदला जात होता, तोच गुण खेळाडूला प्रत्येक आघातानंतर पुन्हा उभा करीत होता. त्याचा लाभ संघाला झाला, परंतु त्याचे मोल त्या व्यक्तीने व तिच्या कुटुंबाने चुकविले.

माजी खेळाडूंच्या दाव्यांतून पुढे भरपाईची तडजोड झाली आणि २०१७ मध्ये ती अमलात आली. तीतील स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक पातळी कमी गृहीत धरणारे प्रमाण वापरले जात असल्याची तक्रार दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये न्यायालयात केली. अशा गृहीतामुळे त्यांची हानी कमी भासत होती आणि भरपाई नाकारली जाऊ शकत होती. ही पद्धत रद्द करण्याच्या बदलास २०२२ मध्ये न्यायालयाची मान्यता मिळाली. खेळाडूला मध्यवर्ती जागा नाकारणारा पूर्वग्रह त्याच्या आजाराच्या मोजमापापर्यंत टिकून होता.

निष्कर्ष :

१) देहसामर्थ्य ही व्यावसायिक फुटबॉलची प्रवेशअट आहे. तथापि त्या उंबरठ्यापलीकडे यश ठरविण्याची तिची शक्ती मर्यादित आहे.
२) जाण हा गुण मोठ्या प्रमाणावर अभ्यासातून घडतो. म्हणून तो एका दिवसाच्या शिबिरात नव्हे, तर दीर्घ सहवासात व प्रत्यक्ष कामात दिसतो. बिल नन यांचे यश या सहवासाचे होते.
३) अमूर्त गुणांचे मूल्यमापन करणाऱ्याच्या नजरेत पूर्वग्रह असेल, तर तो गुणांकनातही उतरतो. अशा वेळी पुन्हा घेतलेले प्रामाणिक माप उपेक्षितांना न्याय देऊ शकते. त्यामुळे माप व नजर यांनी परस्परांना तपासत राहणे आवश्यक ठरते.
४) समर्पणवृत्तीला गुण देणाऱ्या संस्थेवर तिची मर्यादा राखण्याचे उत्तरदायित्वही येते. खेळाडू स्वतः थांबणार नाही, या विश्वासावरच त्याची निवड झालेली असते. अशा खेळाडूला थांबविण्याचे कर्तव्य निवड करणाऱ्यांकडेच राहते. वेब्स्टरच्या बाबतीत ते पार पाडले गेले नाही.