आगबोटीचा ठावठिकाणा

‘रामदास’ आगबोटीचीं मापें कोणासही पाहावयास मिळतात. इ. स. १९३६ मध्यें स्वॉन हंटर कंपनीनें ती बांधली. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, टनभार ४०६. बोटीविषयीं एवढा तपशील नोंदला गेला होता. ती या घटकेस कोठें आहे, एवढें मात्र कळण्याची सोय नव्हती. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्या तोंडावर आलेली. सणासाठीं घरीं जाणाऱ्या उतारूंची गर्दी होती. काश्याच्या खडकाजवळ पावसाळी लाटेनें बोट कलली, भेदरलेले लोक एकाच बाजूस लोटले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मुंबईपासून अवघ्या कांहीं मैलांवर हा अनर्थ घडला, तरी शहरास तासन्‌तास त्याची वार्ता नव्हती. बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतें. कित्येकांस रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या मचव्यांत ओढून घेतलें. मुंबईस बातमी आली ती वाचलेल्या माणसांच्याच तोंडून.

इ. स. १८८८ च्या नोव्हेंबरांत कच्छमांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’, जिला विजेच्या दिव्यांमुळें लोक ‘वीजळी’ म्हणत, शेंकडों उतारूंसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहींशी झाली. तिचा पत्ता आजतागायत लागलेला नाहीं. परंतु त्या वेळीं मार्कोनीचा शोध लागावयाचा होता. दोष द्यावयाचा तरी कोणास? १९४७ सालीं ही सबब उरली नव्हती. ‘टायटॅनिक’च्या नाशानंतर १९१४ सालीं झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें पन्नास किंवा अधिक माणसें नेणाऱ्या बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचें ठरविलें, पण तें परदेशच्या सफरींपुरतें. रेवसचा फेरा त्यांत कोठून बसणार? नियम करणारांनीं अंतर मोजलें, माणसें मोजलीं नाहींत, असें आम्हांस स्पष्ट वाटतें.

अर्थात्, यंत्र असलें म्हणजे ठिकाण अचूक कळतेंच असें नाहीं. ‘टायटॅनिक’नें कळविलेलें आपलें ठिकाण गणितानें काढलेलें होतें. तिचा सांगाडा १९८५ सालीं सांपडला, तो त्या ठिकाणापासून सुमारें तेरा सागरी मैल दूर.

आतां हें काम स्वयंचलित यंत्र करतें. उपग्रहांच्या साह्यानें काढलेलें ठिकाण, दिशा आणि वेग चालती बोट दर कांहीं सेकंदांनीं ध्वनिक्षेपित करते. नांव, मापें आणि गंतव्य बंदर हींही अधूनमधून कळविते. परदेशीं जाणाऱ्या उतारूंच्या बोटींवर २००४ च्या अखेरपर्यंत हें यंत्र सक्तीचें झालें. घरबसल्या कोणीही गृहस्थ नकाशावर बोट शोधून तिची लांबी-रुंदी वाचूं शकतो. त्यांतलें गंतव्य बंदर तेवढें खलाशाला हातानें भरावें लागतें. मागच्या सफरीचें नांव पुसावयाचें राहिलें, तर परतीस लागलेली बोटही नकाशावर तिकडेच निघालेली दिसते.