दोन सूर्योदयांचं उड्डाण

पर्थ आणि गॉल ही दोन नावं आपल्याला माहीत आहेत ती क्रिकेटमुळे. या दोन शहरांमध्ये हिंदी महासागर आहे, सरळ रेषेत साधारण ५,६५० किलोमीटर. आजच्या जेट विमानाला एवढं अंतर सात-साडेसात तासांचं. १९४३ मध्ये त्याला २७ ते ३३ तास लागायचे, आणि तेही मध्ये कुठेही न उतरता. मग हा खटाटोप करायचाच कशाला?

युद्धापूर्वी ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारं विमान टप्प्याटप्प्यानं जायचं: डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये जावा गेलं, आणि ही साखळी मधेच तुटली. उरला तो फक्त समुद्र. तेव्हा क्वांटास कंपनीनं पाच कॅटालिना विमानं घेतली. ही पाण्यावरूनच उडणारी, पाण्यावरच उतरणारी. पर्थला स्वान नदीतून निघायचं आणि गॉलजवळच्या कोग्गला तलावात उतरायचं.

आता गंमत बघा. कॅटालिनाचा वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर. म्हणजे २८ तास झाले. पण समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला, की वेग राहिला १७०, आणि वेळ थेट ३३ तासांवर. आज आपण तिकिटावर उतरण्याची वेळ छापलेली बघतो. इथे ती वेळ वारा ठरवत होता.

आणि इतके तास पुरेल एवढं इंधन भरलं, की बाकी कशाला जागाच नाही. प्रवासी फार तर तीन, टपाल सुमारे ७० किलो. वजन वाचवायला विमानाचं आतलं थंडी अडवणारं अस्तरसुद्धा काढून टाकलेलं! सुरुवातीच्या तासांत एक इंजिन बंद पडलं असतं, तर त्या भारानं विमान हवेत टिकणं कठीणच होतं. बरं, वाटेत जपानी विमानांची भीती, आणि आपल्या विमानावर एकही बंदूक नाही. म्हणून रेडिओ बंद. दिशा शोधायची ती ताऱ्यांवरून. विमानांची नावंही ताऱ्यांचीच होती. व्हेगा म्हणजे आपला अभिजित, स्पायका म्हणजे चित्रा.

एकाच उड्डाणात सूर्य दोनदा उगवताना दिसायचा, म्हणून प्रवाशांना ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चं प्रमाणपत्र मिळे. जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावलं नाही. आपल्याला हा आकडा त्या ३३ तासांपेक्षाही मोठा वाटतो.

२०१८ पासून पर्थहून विमान न थांबता थेट लंडनला जातं. सुमारे १४,५०० किलोमीटर, वेळ साधारण १७ तास. त्या कॅटालिना मात्र बघायला मिळत नाहीत. अमेरिकेनं त्या युद्धकाळापुरत्या लेंड-लीज करारावर दिल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्या ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याबाहेर नेऊन समुद्रात बुडवल्या.